आमचा षट्पद

उतारवयांत माणसाला कोणतें व्यसन जडेल याचा नेम नाहीं. आमचे कांहीं समवयस्क स्नेही सेवानिवृत्तीनंतर बागेच्या नादीं लागले, कांहींनीं पत्त्यांचा डाव मांडला, एक-दोघे तर ज्ञानेश्वरीचा अर्थ लावूं लागले. आम्हीं मात्र प्राणी निर्माण करण्याचा उद्योग आरंभिला. वाचकांनीं दचकूं नये. हे प्राणी हाडामांसाचे नव्हेत. ते संगणकाच्या पडद्यावर जन्मतात, तेथेंच लंगडतात, आणि बहुधा तेथेंच, जन्मल्यापासून तीन-चार सेकंदांच्या आंत, तोंडघशीं पडून निजधामास जातात.

ज्या खेळांत हा उद्योग चालतो त्याचें नांव अल्गोडू. त्याचा पूर्वज ‘फन’. एमिल एर्नरफेल्ट या विद्यार्थ्यानें स्वीडनमधील उमेओ विद्यापीठांत आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठीं तो रचला आणि २००८ सालीं तो जगापुढें आला. पुढच्याच वर्षीं त्याचें अल्गोडू हें सुधारलेलें रूप प्रसिद्ध झालें. पडद्यावर एक रिकामें मैदान असतें. माउसनें त्यावर वर्तुळ काढावें, चौकोन काढावा, आणि चालू करण्याची कळ दाबावी. आतांपर्यंत नुसतें चित्र असलेल्या त्या आकृतींना एकाएकीं वजन येतें. वर्तुळ घरंगळूं लागतें, चौकोन धप्पदिशीं आदळतो. त्यांना बिजागरी लावावी, स्प्रिंग जोडावी, बिजागरीला मोटार बसवावी, घर्षण किती तें ठरवावें. गुरुत्वाकर्षण नको असेल तर तेंही एका टिचकीनें काढून टाकावें. लहानपणीं ओढ्याकांठीं वाळूचे किल्ले केले, तोच हा खेळ. फरक एवढाच कीं, येथल्या वाळूला न्यूटनचे नियम पाठ आहेत.

आम्हांला हा नाद लावला तो आमच्या भाच्यानें. हे चिरंजीव पंधरा वर्षांचे. मे महिन्याच्या सुटींत आमच्याकडे आले ते अल्गोडूंत एक मोटारगाडी बनवीत बसले. बत्तीस वर्षें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलेला मनुष्य दुसऱ्याच्या प्रयोगाकडे मुकाट्यानें पाहूं शकत नाहीं. आम्ही म्हणालों, ‘‘चाकांच्या गाडींत कसलं आलं आहे कौशल्य? निसर्गानं कोठें चाक वापरलं आहे का? त्यानं पाय दिले.’’ भाचा शांतपणें उठला, त्यानें आपली खुर्ची आमच्याकडे सरकविली, आणि तो म्हणाला, ‘‘मग मामा, तुम्ही पाय करून दाखवा.’’ त्या खुर्चींतून आम्ही अद्याप उठलेलों नाहीं.

चालणें ही क्रिया इतकी अवघड असेल अशी आम्हांला कल्पना नव्हती. साठ-पासष्ट वर्षें आम्ही ती करीत आलों आहों, तीही वर्तमानपत्र वाचतां वाचतां! पण पडद्यावर पाय काढावयास बसलों तेव्हां कळलें कीं, पावलाला एकामागून एक चार कामें करावीं लागतात: उचलणें, पुढें जाणें, टेंकणें, आणि टेंकलेलें असतांना मागें रेटणें. रेटतांना तें जमिनीशीं समांतर आणि संथ गतीनें सरकलें पाहिजे. नाहीं तर धड पावलागणिक वरखालीं हिंदकळतें. शिवाय सर्व वेळ शरीराचा गुरुत्वमध्य टेंकलेल्या पावलांच्या दरम्यान राहिला पाहिजे. तो जरा बाहेर गेला कीं प्राणी कलंडलाच. आमचा पहिला चतुष्पाद उभा राहतांच बसला. दुसऱ्यानें एक पाय उचलला आणि साष्टांग नमस्कार घातला. तिसऱ्याच्या गुडघ्यांत आम्हीं जोरकस मोटारी बसविल्या, तर त्यानें अशी उडी घेतली कीं तो पडद्याबाहेर गेला. त्याचें पुढें काय झालें हें आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्या सौ. दारांतून हें पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मूल चालायला लागतं तेव्हां घरचीं माणसं टाळ्या वाजवतात. तुम्ही त्याला शिव्या देतां.’’

शेवटीं दुसऱ्याच्या विद्येचा आधार घेणें प्राप्त झालें. हॉलंडमधील थिओ यान्सन नांवाचे कलावंत १९९० पासून प्लास्टिकच्या पिवळ्या नळ्यांचे, वाऱ्यावर चालणारे मोठमोठे सांगाडे तयार करून समुद्रकांठीं सोडीत आले आहेत. त्या प्राण्यांच्या पायांत सारी करामत दांड्यांच्या लांबीची. एक क्रँक गोल फिरतो. त्याला जोडलेल्या दांड्यांच्या व त्रिकोणांच्या साखळींतून ती गति पावलापर्यंत पोंचते तों वर्तुळाची आकृति पार बदललेली असते. पाऊल हवेंत जो मार्ग आंखतें तो पोळपाटावर पालथ्या ठेवलेल्या वाटीसारखा, खालून सपाट आणि वरून फुगीर. सपाट भागांत तें रेटतें, फुगीर भागांत उचललें जातें. दांड्यांची ही लांबी यान्सन यांना हातानें सुटेना, तेव्हां त्यांनीं संगणकाला कामास लावलें. त्यानें मनास येईल त्या लांबीचे दांडे घेऊन पंधराशें पाय कल्पिले, त्यांतले बरे चालणारे शंभर निवडले, आणि त्यांच्या मापांचें मिश्रण करून नवी पिढी काढली. असें पिढ्यान् पिढ्या चाललें. शेवटीं ज्या तेरा संख्या हातीं राहिल्या त्यांना यान्सन पवित्र संख्या म्हणतात. क्रँकची लांबी १५ धरली तर सर्वांत लांब बाजू ६५.७, अशीं तीं मापें आहेत.

आम्हीं तीं मापें जशींच्या तशीं उचललीं. एका चाकावर १२० अंशांच्या अंतरानें तीन खुंट्या, प्रत्येक खुंटीला समोरासमोर दोन पाय, असे एकूण सहा पाय. प्रत्येक पायांत दोन त्रिकोण आणि चार दांडे. संस्कृत कवींनीं भ्रमराला षट्पद म्हटलें आहे. आमच्या प्राण्यानेंही सहा पायांच्या हक्कावर तें नांव घेतलें, जरी भ्रमराचें लाघव त्याच्या अंगीं मुळींच नव्हतें. येथें एक अडचण सांगितली पाहिजे. अल्गोडूचें जग कागदासारखें सपाट आहे. खऱ्या प्राण्याचे पाय एकमेकांच्या शेजारीं असतात; येथें ते सारे एकाच पातळींत एकमेकांवर येतात. म्हणून कोणत्या तुकड्यानें कोणाला अडावें आणि कोणाच्या आरपार खुशाल जावें, हें प्रत्येक तुकड्याला सांगून ठेवावें लागतें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. आम्ही विसरलों होतों.

षट्पद चालला. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो पहिल्यानें गेला तेव्हां रात्रीचा एक वाजला होता आणि टाळ्या वाजवावयास घरांत कोणी जागें नव्हतें. पण मनुष्याला समाधान कसलें! आम्हीं त्याच्या वाटेंत एक पायरी मांडली. तो तिला अडला आणि जागच्या जागीं पाय खुरडीत राहिला. यान्सन यांच्या संख्या सपाट वाळूसाठीं शोधलेल्या. त्यांत आपण सुधारणा करावी असें आम्हीं ठरविलें. मागच्या दोन पायांचे खालचे त्रिकोण पुसून नवे काढले, आणि पावलाकडची जी बाजू ४९ होती ती ५४ केली. आणि काय चमत्कार! षट्पद पायरीशीं आला, क्षणभर थरथरला, आणि टुणकन वर चढला. एक नव्हे, ओळीनें चार पायऱ्या चढला. सपाटीवरही तो पूर्वीपेक्षां दुप्पट वेगानें धांवूं लागला.

त्यानंतरचा आठवडा आमच्या आयुष्यांतील सुखाच्या आठवड्यांपैकीं एक म्हटला पाहिजे. दाढी करतांना आरशासमोरून आम्ही लवकर हलत नव्हतों. रविवारीं सकाळीं आमच्याकडे चहाला चार स्नेही जमतात. येत्या रविवारीं एक शास्त्रीय कौतुक दाखवूं, असें त्यांना आगाऊ सांगून ठेवलें. एवढेंच नव्हे, तर ‘पवित्र संख्यांत एक सुधारणा’ अशा मथळ्याचें एक टिपणही लिहून काढलें.

शुक्रवारीं रात्रीं भाचा शेजारीं येऊन बसला. बराच वेळ षट्पदाकडे पाहून तो म्हणाला, ‘‘मामा, मोटार बंद करून पाहूं या?’’

‘‘बंद केली कीं थांबेल. त्यांत पाहायचं काय?’’

त्यानें मोटार बंद केली. षट्पद थांबला नाहीं. थरथरत, लटपटत, पण तो पुढेंच चालला होता. चालतां चालतां तो पायरीशीं गेला, आणि तीही चढला. खोलींत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं.

कारण सांपडावयास अर्धा तास लागला. नवे त्रिकोण काढतांना, शेजारच्या पायांच्या आरपार जावें ही सूचना आम्हीं त्यांना दिलीच नव्हती. त्यामुळें ते एकमेकांत रुतलेले होते. दोन घन पदार्थांनीं एकच जागा अडवावी हें संगणकाला मान्य नाहीं. म्हणून तो त्यांना दूर ढकली. बिजागऱ्या त्यांना पुन्हा जवळ ओढीत. पुढच्या क्षणीं पुन्हा ढकलणें. खऱ्या जगांत काळ अखंड वाहतो. संगणक मात्र सेकंदाचे साधारण साठ तुकडे करून तुकड्यातुकड्यापुरता हिशेब मांडीत जातो, आणि दोन तुकड्यांच्या मधें जें निसटतें त्याची भरपाई अंदाजानें करतो. त्या प्रत्येक भरपाईबरोबर ऊर्जेचा एक कण, कोठूनही खर्चीं न पडतां, जमेच्या बाजूस येत होता. आमचा षट्पद त्या फुकटच्या पैशावर चैन करीत होता. भाच्यानें आणखी एक परीक्षा घेतली. सेकंदाचे तुकडे त्यानें चौपट बारीक केले. तत्काळ प्राण्याची चाल निराळी झाली. जो निकाल हिशेबाचे तुकडे बारीक केल्यानें बदलतो, तो निसर्गाचा नव्हे, हिशेबाचा. पायरी चढण्यांत आमच्या ५४ या संख्येचा कांहीं संबंध नव्हता.

यांत्रिक प्राण्यांच्या इतिहासांत अशीं प्रकरणें पूर्वींही झालीं आहेत. १७३९ सालीं फ्रान्समध्यें जाक द व्होकांसाँ यानें एक यांत्रिक बदक लोकांना दाखविलें. तें दाणे टिपी आणि थोड्या वेळानें विष्ठा टाकी. बदकाला अन्न पचतें म्हणून पाहणारे थक्क होत. पुढें उघडकीस आलें कीं, विष्ठेची तरतूद पोटांत आधींच करून ठेवलेली असे. १९९४ सालीं कार्ल सिम्स यांनीं ठोकळ्यांचे आभासी प्राणी संगणकांत पिढ्यान् पिढ्या वाढविले. ते पोहावयास, सरपटावयास, उड्या मारावयास शिकले. सिम्स यांनींच आपल्या निबंधांत बजावून ठेवलें आहे कीं, भौतिक हिशेबांत ऊर्जा गळण्याजोगी एखादी फट राहिली, तर हे प्राणी ती हटकून शोधून काढतात आणि तिच्यावर जगतात. व्होकांसाँ जाणूनबुजून फसवीत होता. सिम्स यांचे प्राणी अजाणतां. आमचें नांव कोणत्या रकान्यांत पडावयाचें, याचा निकाल रविवारपर्यंत लागावयाचा होता.

आम्हांला अधिक लाज वाटली ती आणखी एका कारणानें. आमचे भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरांतले. ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत, यंत्रांच्या प्रकरणांत, त्यांनीं आपोआप फिरणारें एक चक्र सांगितलें आहे: हलक्या लांकडाचें चाक, त्याला किंचित् वांकडे पोकळ आरे, आऱ्यांत निम्मा पारा, आणि तोंडें बंद. आम्हीं तेंही अल्गोडूंत करून पाहिलें होतें, पाऱ्याच्या जागीं गोळ्या घालून. एका बाजूच्या गोळ्या परिघाकडे सरकतात आणि त्यांची तरफ लांब होते, हें खरें. पण त्याच वेळीं दुसऱ्या बाजूस गोळ्या अधिक जमतात, आणि जमाखर्च बरोबर होतो. चाक थोडें झुललें आणि थांबलें. ‘‘त्या काळीं ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ठाऊक नव्हता, हेल्महोल्ट्झनं तो १८४७ सालीं मांडला,’’ असें आम्हीं भाच्याला मोठ्या औदार्यानें समजाविलें होतें. आतां तोच नियम शिकविण्यांत हयात घालविलेले आम्ही बिनमोटारीचा प्राणी जिना चढतांना पाहत होतों. आणि आठवडाभर एकदांही मोटार बंद करून पाहण्याची बुद्धि आम्हांला झाली नव्हती. प्राणी अडखळला असता तर आम्हीं शंभर कारणें शोधलीं असतीं. तो चढला, म्हणून एकही शोधलें नाहीं.

भाच्याला आमची दया आली असावी. तो म्हणाला, ‘‘मामा, रविवारीं मोटार चालूच ठेवूं. कोणाला काय कळणार आहे?’’

मुलगा प्रेमानें बोलला. आणि खरें सांगावयाचें तर क्षणभर आम्हांला तो सल्ला पसंतही पडला. पण तें वाक्य पूर्वीं कोठें तरी ऐकल्यासारखें वाटूं लागलें. अंथरुणावर पडलों तरी झोंप लागेना, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तें कोठें ऐकलें तें आठवलें.

पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही साध्या लंबकाचा प्रयोग देत असूं. दोऱ्याची लांबी मोजावी, वीस आंदोलनांना लागलेला वेळ घ्यावा, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढावें. पुस्तकांत उत्तर ९८१. बहुतेकांच्या वहींत तेंच येई. एका वर्षीं एका मुलाचें उत्तर ९७८ आलें. आम्हीं तांबड्या शाईनें लिहिलें, ‘पुन्हा करा’. त्यानें पुन्हा केलें; एकदां ९७७ आलें, एकदां ९७९. आम्हीं वही परत केली. पुढच्या खेपेस त्यानें ती पुढें ठेवली तेव्हां तींत ९८१ होतें. आम्हीं सही केली आणि पैकीच्या पैकी गुण दिले. बाहेर पडतांना त्याचा सोबती हंसून त्याला म्हणाला, ‘‘सांगितलं नव्हतं? कोणाला काय कळणार आहे?’’ दार उघडें होतें. आम्हीं ऐकलें, आणि न ऐकल्यासारखें केलें.

आतां मौज पाहा. ९८१ हा आंकडा लंडन-पॅरिसकडचा आहे. विषुववृत्ताच्या दिशेनें येऊं लागलें कीं गुरुत्वत्वरण कमी होत जातें. पुण्याच्या पठारावर, जेथें आम्ही शिकवीत होतों, तें ९७८ च्या आसपास भरतें. हें आम्हांस माहीत नव्हतें असें नाहीं. अक्षांशाप्रमाणें हा आंकडा बदलतो हें त्याच वर्षीं, त्याच मुलांना, आम्हींच फळ्यावर शिकविलें होतें. पण फळ्यावरचें ज्ञान निराळें आणि वह्या तपासण्याची घाई निराळी. त्या मुलाच्या लंबकानें आमच्या गांवचें खरें उत्तर दिलें होतें. आम्हीं त्याच्याकडून परगांवचें वदवून घेतलें. त्याला आमच्यापासून पदार्थविज्ञान किती मिळालें हें सांगतां येत नाहीं. उत्तर आधीं आणि निरीक्षण मागाहून, ही विद्या मात्र मिळाली, आणि ती आम्हीं दिली.

निसर्गाशीं प्रत्यक्ष व्यवहार करणाराला एक मोठी सोय असते: निसर्ग फसत नाहीं. भास्कराचार्यांचें चक्र कोणीं खरोखर घडविलें असतें तर तें थांबलेंच असतें आणि घडविणारा शहाणा झाला असता. पण मुलाची वही आणि आमचा पडदा या दोन्ही ठिकाणीं निसर्ग स्वतः हजर नव्हता; तेथें त्याचा हिशेब लिहिणारा कारकून होता. कारकून फसतो, आणि आपणांस काय आवडेल हें त्याला कळलें, तर आवडेल तेंच लिहून देतो. अशा ठिकाणीं मोटार बंद करून पाहणारा कोणी तरी लागतो. बत्तीस वर्षें तें काम आमचें होतें, आणि त्याचा आम्हांस पगार मिळत होता.

रविवारीं मंडळी जमली. आम्हीं आधीं मोटार लावून षट्पद दाखविला, वाहवा झाली. मग मोटार बंद केली आणि सर्व हकीकत सांगितली. ती सर्वांना रुचली असें म्हणवत नाहीं. एक वकील स्नेही म्हणाले, ‘‘अहो, बिनमोटारीचा चालतो, ही तर जास्तच मोठी गोष्ट झाली!’’ दुसऱ्यांनीं विचारलें, ‘‘बरं, मग दुरुस्त केलेला कसा चालतो?’’ आम्हीं तोही दाखविला. त्रिकोणांना योग्य त्या सूचना दिलेला, ५४ ची बाजू तशीच ठेवलेला षट्पद संथपणें पायरीपर्यंत गेला, त्यानें पुढचें पाऊल तिच्यावर टेंकलें, आणि तो मागें कलंडला. मंडळींनीं पहिलाच पुन्हा दाखविण्याची फर्माईश केली. चहा झाल्यावर तीं माणसें उठून गेलीं. भाचा मात्र कांहीं न बोलतां खुर्ची ओढून आमच्या शेजारीं बसला आणि कलंडलेल्या षट्पदाचा मागचा पाय मोजूं लागला.

‘पवित्र संख्यांत एक सुधारणा’ हें टिपण आम्हीं फाडलें नाहीं. त्याच्या समासांत तांबड्या शाईनें ‘पुन्हा करा’ असें लिहून खालीं सही केली. त्या मुलाचा ठावठिकाणा आम्हांस माहीत नाहीं. असता तर त्याचे ९७८ त्याला परत पाठविले असते. षट्पद अद्याप पायरी चढलेला नाहीं. भाच्याची सुटी संपावयास आठ दिवस आहेत.